कच्चं माणिक

नदीत खडे वेचायचे तर उन्हाला पाठ दाखवून चालत नाही. सूर्य नुकता डोंगराच्या खांद्यावर आलेला असतो, तेव्हा त्याच्याकडं तोंड करून, डोळे बारीक करून, पाण्याच्या कडेकडेनं चालायचं. काळे दगड ऊन गिळून टाकतात आणि काळेच राहतात. अकिकाचा खडा ऊन आत घेतो आणि पोटात दिवा लावल्यासारखा पेटतो, कधी मधाच्या रंगाचा, कधी कोऱ्या चहाच्या. तीच वाट उलटी चाललात तर तोच खडा तुमच्या पायाखालून जाईल आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही. हे मला तात्यांनी शिकवलं. आज मी पेठला हायवेच्या कडेला राहते, शिवणाचं दुकान चालवते, पण सकाळी दुकान उघडायला निघाले आणि कुणाच्या बांधकामाची खडी रस्त्यावर पडलेली दिसली की पाय आपोआप पूर्वेकडं वळतात. सून म्हणते, "आई, काय सांडलं का तुमचं?" मी म्हणते, "काही नाही गं," आणि तरी एक नजर टाकूनच पुढं जाते.

तात्या म्हणजे शेवंतामावशीचे यजमान, आणि शेवंतामावशी म्हणजे माझ्या आईची चुलत बहीण. त्यांचं घर मढ गावाच्या खालच्या अंगाला, पुष्पावती नदीच्या काठावर. मी तिकडची नव्हे. आमचं गाव बीडकडं, जिथं नदीला वर्षातून दोन महिने पाणी आणि बाकीचे दहा महिने वाळू. वडील गेले, सातवीतून शाळा सुटली, पाठीवर दोन लहान भाऊ. आईनं मला ओळखीच्या एका बाईबरोबर एसटीत बसवलं आणि सांगितलं, "मावशीकडं राहा थोडे दिवस. उलटून बोलू नको. पोटभर खा, पण आधी हात धुवायला उठू नको." ह्या शेवटच्या वाक्याचा अर्थ मला तेव्हाही नीट लागला नाही, म्हणून मी सगळ्यांच्या शेवटी जेवायचे आणि सगळ्यांच्या शेवटी उठायचे. थोडे दिवस म्हणजे किती, ते आईला विचारायची सोय नव्हती. मावशीला विचारायची तर छातीच नव्हती.

त्या घरात मला त्रास कुणीच दिला नाही, आणि तरी मी एक घटका स्वस्थ बसले असेन तर शपथ. मावशीच्या लेकीचं लग्न होऊन ती ठाण्याला गेलेली. घरात दोघंच, दोन बैल, एक तापट म्हैस. मी कोंबड्याच्या आधी उठायचे. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायचे. घासलेला तांब्या पुन्हा घासायचे. मावशी ओरडायची, "अगं बस की जरा! त्या तांब्याला भोक पाडतीस का आता?" मी बसायचे आणि बसल्या बसल्या तांदूळ निवडायचे. भाताचं मला नवल वाटे. आमच्याकडं भात म्हणजे लग्नातली पंगत नाहीतर आजारपण, आणि ही माणसं सकाळ-संध्याकाळ भात जेवायची. वर खेकड्याचं कालवण, लाल, झणझणीत, नाकातून पाणी काढणारं. ज्वारीच्या भाकरीशिवाय पोट भरलं असं माझ्या मनाला कित्येक महिने पटत नव्हतं. मावशीला ते कसं कळलं कोण जाणे. एक दिवस ओतूरच्या बाजारातून ती ज्वारी घेऊन आली, आणि स्वतःला नीट थापता येत नाही म्हणून भाकरी मलाच करायला लावली. तात्यांनी एक तुकडा मोडला, चावला, बराच वेळ चावला आणि म्हणाले, "लई कडक हाय राव तुमच्या मुलखाचं खाणं. दात घासायचं काम न्हाई मागनं." आम्ही तिघंही हसलो. हसता हसता मला वाटलं, आता ही ज्वारी संपेपर्यंत तरी मला कुणी परत पाठवायचं नाही.

पावसाळ्यात नदी घरापर्यंत ऐकू यायची. आत दगड गडगडायचे त्याचा आवाज येई, जात्यासारखा, दिवसरात्र. तात्या ओट्यावर बसून तो आवाज ऐकत म्हणायचे, "दळतीया. दळू दे. आपलं पीठ गणपती झाल्यावर." गणपती उठले, पाणी उतरलं, की आम्ही तिघं नदीत. तात्या पुढं, मावशी मधे, मी मागं. तात्यांची परीक्षा अशी की खडा उचलायचा, जिभेवर टेकवायचा, ओला करून उन्हात धरायचा आणि मग पिशवीत किंवा पाण्यात. जीभ लावली की खड्याच्या आतल्या रेघा उठून दिसतात. माझ्या तोंडात त्या महिन्यात सदा नदीची चव असायची, शेवाळ आणि लोखंड ह्यांच्या मधली कसली तरी.

वेचलेल्यातले बरेचसे खडे मळकट, पिवळे, डोळ्यात न भरणारे. ते तात्या भाजायचे. जुनं मडकं घ्यायचं, तळाशी राख, त्यावर खडे, पुन्हा राख, तोंड मातीनं लिंपायचं. घरामागं परड्यात खड्डा करून भाताच्या तुसात आणि गोवऱ्यांत ते पुरायचं आणि सावकाश धुमसू द्यायचं. निवल्याशिवाय उघडायचं नाही. उघडलं की पिवळ्याचं तांबडं झालेलं असे, काही तर जास्वंदीसारखं लाल. तात्या त्याला भाजणं म्हणत नसत. म्हणत, "पिकायला घातलेत." आंबा जसा अढीत घालतात तसा खडा राखेत. खंबायतचा एक व्यापारी दसऱ्याच्या सुमारास फेरी मारायचा, त्याला सगळे शेठ म्हणत. ही पिकवायची रीत त्यानंच तात्यांना शिकवलेली, आणि पिकलेला तांबडा खडा तो कच्च्याहून चढ्या भावानं न्यायचा. तात्यांचा त्या भट्टीवर देवासारखा विश्वास होता.

तर मला तिथं दोन वर्षं झाली, त्या साली गणपती उठले आणि चारेक दिवसांत मढच्या दुकानात फोन आला. माझे चुलते, नानाकाका, बोलत होते. निरोप दुकानदारानं मावशीला सांगितला, मावशीनं मला. माझं लग्न ठरवलं होतं. मुलगा ऊसतोडीला जाणारा. आमच्याकडं ऊस तोडायला नवरा-बायकोची जोडी लागते, त्या जोडीलाच एक कोयता म्हणतात, आणि एकट्या पोराला मुकादम धरत नाही. म्हणून हंगामाच्या तोंडावर घाईघाईनं लग्नं लागतात. दसऱ्याला नानाकाका मला न्यायला येणार होते. मी पंधरा वर्षांची होते. मला राग आला नाही, हे सांगितलं तर आज माझ्या सुनेला खोटं वाटतं. मला फक्त वाटलं की थोडे दिवस संपले. मी उठले आणि अंगण झाडायला घेतलं.

मावशीनं केरसुणी हातातून काढून घेतली. "तुला जायचंय का?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, "काका म्हणतील तसं."

"काका काय म्हणतील ते मला ठावं हाय. तुला इचारतीया."

होय म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर दुसऱ्याच्या घरात हक्क सांगितल्यासारखं. तात्या ओट्यावरून हे ऐकत होते. ते म्हणाले, "अगं, तिला कशाला कोड्यात घालतीस? चुलता सख्खा, आपण चुलत-मावस. आपण कुठल्या तोंडानं न्हाई म्हणायचं? पोर इथं राहून काय करतीया ते दावायला नको का त्याला?" आणि मग कुणाकडंच न बघता, "यंदा नदीनं काही दिलं तर बोलता यील."

त्यानंतर मी नदीत नुसती चालत नव्हते, नदी उकरत होते. सकाळचं ऊन सरलं तरी परतायचे नाही. मावशी हाका मारून थकायची. वळणावर, जिथं पुरानं दरवर्षी काठाचा एक घास तोडलेला असतो, तिथं एक नवा काळा धोंडा येऊन पडला होता, रांजणाएवढा, मधोमध तडकलेला. फटीत मी सहज डोळा लावला आणि मला आतून उजेड दिसला. तात्यांना मी दोन्ही हातांनी खुणा करून बोलावलं. ते आले, वाकले, आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. धोंड्याच्या पोटात पोकळी होती आणि पोकळीभर खडे उगवलेले होते. उगवलेलेच म्हणायला हवं, कारण ते सगळे चौकोनी, टोकदार, काचेसारखे, एकमेकांना चिकटून उभे होते, जणू कुणी बसून घडवले. आणि रंग अर्धवट पिकलेल्या डाळिंबाच्या दाण्याचा. पांढऱ्यात गुलाबी, आहे म्हणावं तर आहे आणि नाही म्हणावं तर नाही.

तात्यांनी छिन्नीनं हळूहळू सबंध गड्डा सोडवला. मावशीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून, तान्ह्या पोरासारखा छातीशी धरून त्यांनी तो घरी आणला. वाटेत पिठाच्या गिरणीवाला बबनभाऊ भेटला. "काय तात्या, बारसं कवा?" असं म्हणून त्यानं लुगडं बाजूला केलं आणि पार वाकून आत बघितलं. मग म्हणाला, "माणिक हाय हे."

"कशावरनं?"

"कशावरनं म्हंजी? टीव्हीत राजा लोकांच्या मुकुटात काय असतंय मग? तांबडं, असंच चौकोनी."

"ते तांबडं असतंय. हे कुठं तांबडं हाय?"

"कच्चं हाय राव!" बबनभाऊ म्हणाला. "तुमी येवढं खडं पिकवता, तुमाला मी सांगायचं का?"

त्याचं हे बोलणं तात्यांच्या डोक्यात रुतलं. मावशी म्हणत होती, शेठ येऊ द्या, त्याला आहे तसं दाखवू, चुलीत घालायची घाई कशाला. तात्यांचं म्हणणं, कच्चं दाखवलं तर शेठ कच्च्याच भावानं नेईल आणि तिकडं स्वतः पिकवून माणिक करील. शिवाय शेठच्या आधी चुलता आला तर? "पिकलेलं माणिक हातात असलं," ते मावशीला म्हणाले, "तर मी त्याच्या तोंडावर सांगीन, ही पोर नदीतनं माणिक काढती, ही कोयत्यावर जात न्हाई. कच्च्या खड्यावर कसं सांगू?" हे माझ्यासमोरच चाललं होतं. मला कुणी मत विचारलं नाही आणि मला मत नव्हतंही. ह्या माणसाला मला ठेवून घ्यायचंय, एवढंच माझ्या कानात शिरलं होतं आणि त्या आवाजात बाकीचं काही ऐकू येत नव्हतं.

त्यांनी नवं मडकं आणलं. राख दोनदा चाळली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मडकं पुरलं, तूस लोटलं, वर नारळ फोडला. मावशीनं प्रसादाचं खोबरं वाटलं. सकाळभर पांढरा धूर सरळ वर जात होता. आम्ही तिघंही कामाला हात लावून पुन्हा परड्यात यायचो. जेवणं उरकत होती तेव्हा पहिला आवाज आला, तव्यावर ज्वारीचा दाणा फुटावा तसा. तात्यांचा घास हातात राहिला. मग दुसरा. मग तडतड, तडतड, लाह्या भाजायला घेतल्यासारखी, आणि शेवटी मडकंच फुटल्याचा धप्प आवाज. तात्या उठून धावले, उघड्या हातानं राख उपसायला लागले. मावशीनं त्यांच्या हातावर पाण्याची कळशी उपडी केली म्हणून नुसत्या फोडांवर निभावलं.

राखेत माणिक नव्हतं. पांढरा चुरा होता. पापडासारखे सुटलेले पापुद्रे, बोटात धरले की पीठ होणारे. गुलाबी रंग नावाला उरला नव्हता. तात्या तो चुरा सुपात गोळा करत बसले. राख वेगळी, चुरा वेगळा. मावशी म्हणाली, "उठा आता." ते उठले नाहीत.

शेठ आला तो त्याच आठवड्यात. गड्डा काढताना धोंड्यापाशी एक लहानसा तुकडा निखळून पडला होता, तो मावशीनं देवघरात ठेवलेला. शेठनं तो चिमटीत धरला, उन्हात फिरवला आणि मान हलवली. "ये माणिक नाय, तात्या. माणिक इधर कुठं मिळतंय? पण ये माल चांगला. लोक असाच घेऊन काचेच्या कपाटात ठेवतात. तोडायचा नाय, घासायचा नाय, भाजायचा तर बिलकूल नाय. ह्याच्या पेटमध्ये पाणी असतं. आग लागली की पाणी भागतं, आणि खडा फुटतो." मग त्यानं सुपाकडं बघितलं आणि तुकडा मावशीच्या हातात ठेवला. पुढं कितीतरी वर्षांनी पुण्यात एका प्रदर्शनात तसे खडे मी काचेमागं पाहिले, खाली न वाचता येणारं नाव, आणि तिथला माणूस हटकेपर्यंत मी काचेला नाक लावून उभी होते. पण त्या दिवशी मला खड्याचं दुःख नव्हतंच. नदीनं दिलं होतं आणि ते गेलं, आता तात्या कुठल्या तोंडानं बोलणार, एवढंच मी धरून बसले होते. पिशवीत माझे दोन परकर आणि एक फणी भरून मी ती दाराआड टांगून ठेवली. म्हणजे निघताना कुणाला ताटकळावं लागायला नको.

नानाकाका आले ते दुपारच्या गाडीनं, धुळीनं भरलेले. मावशीनं त्यांच्यासाठी मासवड्या केल्या. बेसनाच्या पोटात तीळ-खोबरं भरून केलेल्या त्या वड्यांचा रस्सा आमच्याकडं कुणी पाहिलेलाही नसतो. काका म्हणाले, "मासे हैत का ह्यात? मी माळकरी माणूस."

"नावाला मासा, पावणं," मावशी म्हणाली. "खावा बिनघोर."

ते मन लावून जेवले. हात धुऊन पान लावताना म्हणाले, "बरं तात्या, सकाळच्या गाडीनं निघतो. कांता, आवरून ठेव."

मी म्हणाले, "आवरलंय."

तात्या इतका वेळ भिंतीला टेकून बसले होते. हातांवर अजून पट्ट्या होत्या. ते उठले, आत गेले आणि ते सूप घेऊन आले. काकांच्या पुढ्यात ठेवलं.

"हे काय? चुना?" काकांनी विचारलं.

"तुमच्या पुतणीनं काढलेला खडा हाय. असा गुलाबी व्हता. येवढा." तात्यांनी पट्टीच्या हातांनी माप दाखवलं. "कच्चा हाय म्हणून मी पिकवायला घातला. त्याची येळ झाली नव्हती, तरी घातला. बघा काय झालं."

काका सुपाकडं आणि तात्यांकडं आळीपाळीनं बघायला लागले. "मग?"

"मग काय? पोर पंधराची हाय."

"पोरगी काय दगड हाय का, तात्या?" काका चिडले. "आमच्यात सगळ्याच पोरी जातेत. माझी बी गेली."

"दगड असती तर मी कशाला बोललो असतो? दगडाचं माझ्याच्यानं नुकसान झालं, मी गप बसलो. हिचं व्हताना गप बसवत न्हाई."

"आणि खर्च? तिचं खाणं-पिणं? तुमी काय जलमभर..."

"खाती कुठं ती?" मावशी चुलीजवळून ओरडली. "मी मागं लागती तवा दोन घास खाती. तिचं नाव नका काढू खाण्यात."

काका उत्तर द्यायच्या बेतात होते, पण तेवढ्यात त्यांनी सुपातला एक पापुद्रा उचलला आणि तो त्यांच्या बोटात विरून गेला. ते बोटांकडं बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "खरंच नदीत सापडतंय व्हय असं?"

सकाळची गाडी काकांनी चुकवली. उजाडलं तेव्हा ते धोतर खोचून नदीत उभे होते, उन्हाकडं तोंड करून, आणि तात्या त्यांना जीभ लावायला शिकवत होते. पहिला पेटलेला खडा हाती लागला तेव्हा हा माळकरी माणूस लहान पोरासारखा ओरडला. त्या दिवशी ते जेवायला आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही वळणावरच. मावशी म्हणाली, "आता ह्याला बी ठेवून घ्यावं लागतंय का काय." ते राहिले तोवर लग्नाचा विषय निघाला नाही. विसरले म्हणणार नाही. पण मी नदीत त्यांच्या पुढं चालायचे आणि ते मागून बघायचे, ते मला पाठीवर जाणवायचं. एकदा म्हणाले, "तुला लांबूनच दिसतंय गं. मला जवळ येऊनबी दिसंना." एवढंच.

निघाले त्या दिवशी फाट्यावर सोडायला मी गेले. घाटाकडून गाडी येताना दिसली. काकांच्या दोन्ही खिशांत गारगोट्या, चालताना वाजत होत्या. माझी पिशवी मी सोबत घेतली होती, कारण नक्की काय ठरलं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काकांनी पिशवीकडं बघितलं. मग माझ्याकडं. "ती पोराकडची माणसं थांबायची न्हाईत," ते म्हणाले. "दुसरी बघतील." गाडी जवळ आली. "तुझ्या आईला काय सांगू?"

"बरी हाय म्हणून सांगा."

"येवढंच?"

गाडी थांबली होती. कंडक्टर दार बडवत होता. मी काय बोलणार आहे हे मलाही माहीत नव्हतं. तोंडातून निघालं, "दिवाळीला या म्हणावं इकडं. भावांना घेऊन. मी बोलावलंय म्हणून सांगा."

गाडी गेली आणि मग मी काय बोलले ते माझं मला कळलं. दुसऱ्याच्या घरी मी तीन माणसं जेवायला बोलावून बसले होते. फाट्यापासून घरापर्यंत मी चालले की धावले, आठवत नाही. मावशी अंगणात भात वारवत होती. मी पिशवीसकट तिच्यासमोर उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं, की आईला बोलावलंय, भावांनाही, तुला न विचारता, चुकून, तोंडातून गेलं.

मावशीनं सूप खाली ठेवलं. "बोलावलंस?"

"हो."

"मग आता मला काय इचारतीस? पाहुणी तुझी, पडवी तू सारवायची. शेण गोठ्यात हाय. आणि ती पिशवी दारामागं नको टांगू, उंदरं लागत्यात. फडताळात ठेव."

दिवाळीला अजून बराच अवकाश होता. मी पडवी त्याच दिवशी सारवली, आणि वाळल्यावर पुन्हा एकदा.